हर्णैच्या लिलावातले दोन मॅन्टिस श्रिम्प : नर-मादी की वेगवेगळ्या जाती?

खाडीकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी माहेरी दापोलीला होते. संध्याकाळी भावाबरोबर हर्णै बंदरावर लिलाव बघायला गेले. पावसाळी बंदी उठून महिनाभर झालाय, त्यामुळे मासळी भरपूर. एका कोळंबीच्या वाट्यात तळाशी हे दोन प्राणी दडलेले दिसले. मी उचलायला गेले तर मावशी ओरडल्या, "टाक ता, हात फाडील!" तोवर शेपटीचा काटा अंगठ्यात गेलाच होता. पैसे घेतले नाहीत, उलट असल्या गोष्टी घरी नेणाऱ्या बाईकडे बघतात तसं बघितलं.

एक मोठा, पट्टीने मोजून १९ सेंमी. दुसरा साडेबारा. दोघांचेही पुढचे पाय प्रार्थनाकीटकासारखे दुमडलेले, त्यांना आतून करवतीसारखे दात. मोठ्याचे डोळे हातोडीसारखे आडवे, छोट्याचे अगदी बारके. रंग दोघांचाही मळकट पिवळसर. भाऊ म्हणतो मोठी ती मादी, छोटा तो नर. मला पटत नाहीये. दोन्ही सध्या आईच्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात आहेत आणि ती वैतागली आहे, तेव्हा जरा लवकर सांगा. फोटो खाली दिले आहेत.

चावट चिंबोरी

अगं हाच तो! बंदुकीच्या गोळीच्या वेगाने ठोसा मारणारा, मत्स्यालयाची काच फोडणारा, सोळा प्रकारचे रंग बघणारा. पीकॉक मॅन्टिस श्रिम्प. व्हिडिओ बघितलेत मी. मेल्यावर रंग गेला असेल. जिवंत असता तर तुझा अंगठा राहिला नसता.

खवय्या पार्लेकर

रंगांचं नंतर बघू. खाल्ला का?

कर्कट

चिंबोरीताई, थांबा. पीकॉक नव्हे, आणि मेल्यामुळे पीकॉकचा हा झालेला नाही.

मॅन्टिस श्रिम्पचे ढोबळमानाने दोन धंदे असतात. काही ठोसे मारतात, काही भोसकतात. ठोसेबाजांच्या पुढच्या पायाचं शेवटचं पेर बुडाशी फुगून मुठीसारखं टणक झालेलं असतं. ते प्रवाळात, खडकांच्या भोकांत राहतात आणि शिंपले, खेकडे फोडून खातात. भोसकणारे चिखलात किंवा वाळूत बीळ करून बसतात आणि वरून जाणारा मासा किंवा कोळंबी दातेरी पायाने ओढतात. तुमच्या फोटोतल्या दोघांच्याही पायाला लांब दात आहेत, मूठ नाही. म्हणजे दोघे भोसकणारे. ट्रॉलरच्या जाळ्यात चिखलातल्या कोळंबीबरोबर आलेत, तेही याला धरूनच आहे.

पीकॉक, म्हणजे ओडोंटोडॅक्टायलस सिलॅरस, हा ठोसेबाज. त्याच्या ठोशाचा वेग २००४ मध्ये मोजला गेला, तो सेकंदाला २३ मीटरपर्यंत भरला. म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या आसपास, रिकाम्या रस्त्यावरच्या एसटीइतका. गोळीशी तुलना होते ती वेगाची नव्हे, त्वरणाची. स्थिर अवस्थेतून त्या वेगाला पोचायला त्याला लागणारा वेळ इतका थोडा की त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटींवर जातं. हे पाण्यात घडतं, म्हणून पायापुढे पाण्याची वाफ होऊन बुडबुडे बनतात आणि ते फुटताना आणखी एक तडाखा बसतो. भोसकणाऱ्यांमध्ये झेब्रा मॅन्टिसचा वेग मोजला आहे, तो याच्या दहाव्या हिश्शाइतका.

आता धागाकर्तीचा खरा प्रश्न. रंग विसरा. मासळीचा रंग बर्फातच निम्मा जातो, उरलेला फ्रीझरमध्ये. मला पुढचे फोटो हवेत :

पुढच्या पायाचं शेवटचं पेर उघडून त्याचे दात, टोकाचा धरून मोजता येतील असे. ज्या पेरावर ते मिटतं त्याची आतली कड. पाठीवरचं कवच सरळ वरून. शेपटीचा पंखा वरून. आणि पोटाची बाजू, चालायच्या पायांच्या मुळाशी.

निवृत्त मास्तर

स्क्विला! बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला फॉर्मॅलिनच्या बरणीत हाच असायचा. "ओळखा व वर्गीकरण करा." आम्ही डोळे झाकून लिहायचो : संघ संधिपाद, वर्ग कवचधारी, गण स्टोमॅटोपोडा, उदाहरण स्क्विला. पाच मार्क. तीस वर्षं मी मुलांकडून हेच लिहून घेतलं. कर्कट, ते चुकीचं होतं का?

कर्कट

मास्तर, गणापर्यंत पूर्ण मार्क. पण 'स्क्विला' हे नाव आपल्याकडे लेबल म्हणून चिकटलं ते चिकटलंच. एके काळी जवळपास सगळे भोसकणारे त्या एका वंशात टाकत. खरा स्क्विला मॅन्टिस भूमध्य समुद्रातला, शेपटीवर डोळ्यांसारखे दोन गडद ठिपके असलेला. जीवांच्या नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनेयसने १७५८ मध्ये त्याला आणि पीकॉकलाही 'कॅन्सर' म्हणजे खेकड्यांत घातलं होतं. आज स्टोमॅटोपोडा गणात साडेचारशेहून जास्त जाती आहेत आणि त्या ना खेकडे, ना कोळंबी. ही शाखा त्यांच्यापासून सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी फुटली असं मानतात. 'श्रिम्प' हे फक्त बाजारातलं नाव.

शब्दवेल्हाळ

एक शंका. तुम्ही 'जाती' म्हणता ते स्पीशीज ना? पेपरात तर 'नवी प्रजाती सापडली' असं असतं.

कर्कट

हो. मराठी जीवशास्त्रात जाती म्हणजे स्पीशीज आणि तिच्या वरचा वंश. काही जण त्या वंशालाच प्रजाती म्हणतात. पेपरवाल्यांनी त्याची खिचडी केली. यावर वेगळा धागा काढा, इथे नको, शंभर प्रतिसाद होतील आणि प्राणी वितळून जातील.

खाडीकाठची

फोटो टाकलेत. दात मोजताना लेकीची कंपासपेटी घेतली. कर्कटकाच्या टोकाने एकेक दात बाजूला करत होते (तुमचं नाव त्यावरून आहे का हो?). छोट्याचे टोकासकट सहा. मोठ्याचे आठ. तीनदा मोजले, भावाने एकदा मोजून नऊ सांगितले, पण त्याने एक पाय सोडून दुसरीकडचा धरला होता.

दात मिटतात त्या पेराची कड छोट्याच्या बाबतीत बारीक फणीसारखी आहे. मोठ्याच्या बाबतीत मात्र उभे काटे, एक मोठा मग काही लहान, पुन्हा मोठा, असे. हे मी आधी बघितलंच नव्हतं.

एक वाईट बातमी. मोठ्याला वितळायला ओट्यावर ठेवून फोन आणायला गेले तेवढ्यात मांजराने शेपटीचा पंखा पळवला. मागच्या अंगणात शोधलं, नुसते काटे राहिलेत.

चावट चिंबोरी

मांजराला टोचलं नाही? मावशीपेक्षा शूर आहे.

कर्कट

मांजराने नेमका महत्त्वाचा भाग नेला. असो.

तरी प्रश्नाचं उत्तर मिळालं. नर-मादी नव्हेत. एकाच जातीत नराचे दात सहा आणि मादीचे आठ, असं या गटात होत नाही. झेब्रा मॅन्टिसच्या जातीत नराचे पाय मादीपेक्षा बरेच दांडगे असतात खरे, कारण ते जोडीने बिळात राहतात आणि शिकार नर करतो. पण तो वेगळा गट.

मोठा : हातोडीसारखे डोळे, आठ दात, कडेला उभे काटे. हे तिन्ही एकत्र आले की हार्पिओस्क्विला वंश. या वंशाला १९६४ मध्ये हे नाव मिळालं. त्याआधी तोही स्क्विलाच होता, मास्तर. आता त्यातली जात. आपल्या किनाऱ्यावर हार्पॅक्स आणि रॅफिडिया ही नावं नेहमी ऐकू येतात. रॅफिडिया सर्वांत थोराड, तीस सेंमीच्या पुढे जातो, अंगावर गडद आडवे पट्टे. मेलॅन्यूरा नावाची आणखी एक आहे, तिचं नावच 'काळी शेपटी'. तिला वेगळं काढायला पंख्याचा रंग लागतो आणि तो मांजराच्या पोटात आहे. म्हणून मी 'हार्पिओस्क्विला' एवढ्यावर थांबतो. फोटोवरून घाईने पुढचं नाव ठोकणारे बरेच भेटतील. त्यांना विचारा, पंखा बघितला का?

छोटा जास्त मजेचा आहे. त्याच्यासाठी अजून एक काम करा. पाठीवरच्या कवचाची मधोमध लांबी मोजा, आणि पुढच्या टोकाची रुंदी. डोळ्यांवर जो छोटा पत्रा असतो तो सांध्यावर हलतो, तो कवचात धरू नका.

खाडीकाठची

लांबी २७ मिमी. पुढची रुंदी १२. पत्रा खरंच हलतो! नखाने उचलला तर दाराच्या कडीसारखा वर झाला. कोळंबीचं टोक तर असं हलत नाही.

कर्कट

बरोबर, कोळंबीचं कवचाचंच टोक असतं, इथे ते वेगळं जोडलेलं असतं. हा स्टोमॅटोपोडांचा जुना दागिना.

१२ म्हणजे २७ च्या निम्म्याहून कमी. अरुंद तोंडाचं कवच, बारके डोळे, सहा दात, फणीसारखी कड. हा मियाकेला वंश. त्यातही आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरमध्ये ढिगाने येतो तो मियाकेला नेपा. कर्नाटक, केरळकडेही हाच.

पण इथे घसरायच्या जागा आहेत, म्हणून सांगतो. सहा दात असलेले बरेच आहेत. ओरॅटोस्क्विलिना इंटरप्टा घ्या. कवचाच्या मधोमध एक उंच शीर असते, ती पुढे जाऊन दोन फाट्यांत फुटते. इंटरप्टात ती फाट्याच्या मुळाशी तुटलेली असते, नावच 'खंडित'. एरुगोस्क्विला वूडमेसोनी हा आणखी एक सहा दातांचा. आणि मियाकेलातच नेपाची एक सख्खी बहीण आहे, होलोस्किस्टा. तिला वेगळं काढायला हीच शीर कुठून फुटते ते भिंगाखाली बघावं लागतं. ओला प्राणी चमकतो आणि शीर दिसत नाही. टिश्यू पेपरने टिपून, दिवा बाजूने तिरका धरून एक फोटो द्या.

खाडीच्या चिखलात उभं राहून धरला असता तर मी आधी क्लोरिडॉप्सिसचा विचार केला असता. त्याचे पाच दात. त्यातही छातीच्या बाजूच्या एका टोकावर काळा डाग असेल तर स्कॉर्पिओ, नसेल तर इमॅक्युलाटा, म्हणजे निष्कलंक. इतकं सोपं सगळीकडे असतं तर काय हवं होतं.

शब्दवेल्हाळ

ही नावं कोण ठेवतं? वूडमेसोनी म्हणजे माणसाचं नाव दिसतंय.

कर्कट

जेम्स वूड-मेसन, कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधला. गंमत अशी की तो खऱ्या प्रार्थनाकीटकांवर काम करायचा आणि या समुद्रातल्या नकली प्रार्थनाकीटकांवरही. १८९३ मध्ये वारला, त्याचं मॅन्टिस श्रिम्पवरचं काम दोन वर्षांनी छापलं गेलं. त्याच म्युझियममधल्या स्टॅन्ली केम्पने १९११ मध्ये इंटरप्टा, होलोस्किस्टा, वूडमेसोनी ही नावं दिली आणि १९१३ मध्ये हिंदी-प्रशांत टापूतल्या मॅन्टिस श्रिम्पवर जाडजूड ग्रंथ काढला. शंभर वर्षं उलटली तरी त्याची चित्रं उघडून बसावं लागतं. दात, शिरा, काटे सगळं सुबक काढलेलं. आजच्या मोबाइल फोटोंपेक्षा उपयोगी, हे मी जरा चिडूनच म्हणतोय.

नेपाची कथा त्याहून भारी. १८२८ मध्ये लात्रेय या फ्रेंच अभ्यासकाने नाव दिलं स्क्विला नेपा. नेपा म्हणजे लॅटिनमध्ये विंचू. अंगठ्यात काटा गेलेल्या माणसाला ते लगेच पटेल. पुढे रेमंड मॅनिंग या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्ये ओरॅटोस्क्विला वंश काढला, नेपा तिकडे गेला. १९९५ मध्ये मॅनिंगनेच त्या वंशाचे तुकडे केले आणि नेपाला मियाकेआ हे नवं घर दिलं. सगळं स्थिरस्थावर झालं असं वाटत असताना लक्षात आलं की मियाकेआ हे नाव १९३३ मध्येच एका पतंगाला देऊन झालं आहे. प्राण्यांच्या नावांच्या नियमात आधी येईल त्याचा हक्क, मग तो पतंग असो की हत्ती. म्हणून २०१३ मध्ये नाव बदलून मियाकेला केलं. प्राणी तोच, चिखल तोच, दात सहाच. एका पतंगामुळे हर्णैच्या मावशींच्या पाटीतल्या प्राण्याचं आडनाव बदललं.

यादीत 'मियाकेला नेपा (लात्रेय, १८२८)' असं कंसात दिसेल. तो कंस म्हणजेच ही घरं बदलल्याची खूण. नाव देणाऱ्याने मुळात ज्या वंशात ठेवलं होतं तिथेच जात राहिली असती तर कंस आला नसता.

निवृत्त मास्तर

कंसाचा अर्थ मला आज कळला. तीस वर्षं मी मुलांना "कंस विसरू नका" एवढंच सांगत होतो. त्या मुलांची माफी मागायला हवी.

योकोहामाहून

इथे याच्या भाईबंदाला शाको म्हणतात, उकडून सुशीवर ठेवतात. तो ओरॅटोस्क्विला ओरॅटोरिया. जिवंत असतानाच उकडतात, कारण मेल्यावर त्याचं मांस आतल्या आत विरघळायला लागतं, नुसतं टरफल उरतं. पार्लेकर, म्हणून फ्रीझरमधला तो विसरा.

माझी चिनी सहकारी म्हणते, त्यांच्याकडे बाजारात मादी ओळखायची खूण असते. उलटी करून गळ्याखाली बघायचं. पांढऱ्या आडव्या रेघा दिसल्या की त्यांच्या 'राजा' या अक्षरासारख्या दिसतात, ती अंड्यांनी भरलेली मादी. तिला जास्त पैसे. दक्षिण चीनमध्ये याला 'मुतरी कोळंबी' म्हणतात, उचलली की पाणी सोडते म्हणून. माफ करा, पण तसंच म्हणतात.

कर्कट

ती 'राजा'ची खूण अगदी शास्त्रशुद्ध आहे. छातीच्या खालच्या बाजूला सिमेंट ग्रंथी असतात, मादी तयार झाली की त्या पांढऱ्या होऊन दिसतात. त्यांच्या चिकट स्रावाने ती अंडी एकमेकांना चिकटवते. कोळंबीसारखी पाण्यात सोडून देत नाही की खेकड्यासारखी पोटाखाली लावत नाही, तोंडाजवळच्या पायांत गोळा धरून बसते.

धागाकर्ती, तुमचा पोटाकडचा फोटो आत्ता नीट बघितला. चालायच्या पायांच्या तीन जोड्या आहेत. शेवटच्या जोडीच्या मुळाशी दोन बारीक नळ्या असतील तर नर. छोट्याला त्या नाहीत, आणि गळ्याखाली पुसट पांढरे पट्टे आहेत. म्हणजे भावाने नर ठरवलेला छोटा चक्क मादी निघाली. मोठ्याला मात्र नळ्या स्पष्ट दिसतात.

खाडीकाठची

भावाला वाचून दाखवलं. तो आता म्हणतोय की त्याने पहिल्यापासून उलटंच सांगितलं होतं.

शिरेचा फोटो टाकलाय, टॉर्च तिरका धरून. खरंच एकदम उठून दिसली. वाळूवर काठीने ओढलेली रेघ पुढे दोन बोटांत फुटावी तशी. कुठे तुटलेली वाटत नाही.

चावट चिंबोरी

माझा सोळा रंगांचा मुद्दा राहिलाच की. निदान ते तरी खरं आहे का?

कर्कट

ठोसेबाजांच्या बाबतीत बरंचसं. त्यांच्या डोळ्याच्या मध्यावर एक पट्टा असतो, त्यात सहा ओळी, रंगांसाठी बारा प्रकारच्या ग्राहक पेशी. पण २०१४ मध्ये प्रत्यक्ष रंग ओळखायची परीक्षा घेतली तेव्हा जवळजवळच्या छटा त्यांना माणसापेक्षा वाईट वेगळ्या करता आल्या. बारा डबे आहेत, पण छटांची तुलना करत बसण्याऐवजी थेट कोणता डबा पेटला ते बघतात, असा त्याचा अर्थ लावतात. वर्तुळाकार ध्रुवीभूत, म्हणजे मळसूत्रासारख्या फिरत जाणाऱ्या लहरींचा, प्रकाश दिसतो हे मात्र खरं, आणि ते त्या पीकॉकमध्येच २००८ मध्ये दाखवलं गेलं.

धागाकर्तीच्या डब्यातल्या दोघांच्या डोळ्यात तो पट्टा दोनच ओळींचा. गढूळ पाण्यात, चिखलात राहणाऱ्याला बारा रंग घेऊन काय करायचंय? मॅन्टिस श्रिम्प म्हटलं की सगळ्यांना त्या एका रंगीत जातीचे गुण चिकटवतात, ते मला खटकतं. आपल्या बंदरावर रोज पाट्यांनी येणारा मळकट प्राणी वेगळाच आहे आणि तो खताच्या ढिगात जातो, त्याच्याकडे कोणी बघत नाही.

शीर बघितली. तुटलेली नाही, म्हणजे इंटरप्टा बाद. फूट पुढच्या बाजूला, आखूड, म्हणून होलोस्किस्टाही नव्हे. मियाकेला नेपा, मादी. मला आता शंका नाही. ज्याला असेल त्याने पायाचा तुकडा घेऊन डीएनए बारकोड (जात ओळखण्यापुरता डीएनएचा छोटा भाग) काढावा.

लाटालाटा

उशिरा आलो. आता या दोघांचं करायचं काय? फेकू नका. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, त्यांना विचारून बघा.

कर्कट

+१. पाठवण्याआधी फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नका, मास्तरांच्या बरणीतला डीएनए त्यामुळेच कामाचा राहत नाही. ७० टक्के अल्कोहोल चालेल, पायाचा एक तुकडा वेगळ्या कुपीत कडक अल्कोहोलमध्ये. आणि चिठ्ठी बरणीच्या आत, पेन्सिलने लिहिलेली. शाई अल्कोहोलमध्ये पसरते. ठिकाण, तारीख, कशा जाळ्यात मिळाला, शक्य झालं तर किती वाव खोल पाण्यातून. चिठ्ठी नसलेला प्राणी म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

खाडीकाठची

काल परत बंदरावर गेले. त्याच मावशी होत्या. होडी कुठून आली, किती पाण्यात जाळं टाकलं विचारलं. आधी हसल्या, मग मुलाला हाक मारली. त्याने दिशा सांगितली, बारा वाव पाणी होतं म्हणाला. हे सगळं त्या टाकून द्यायच्या प्राण्यासाठी विचारतेय हे कळल्यावर त्याने पाटीतले आणखी चार काढून दिले, टोचणार नाहीत असे शेपटीला दोरी बांधून. त्यातल्या एकाचे दात मी उभ्या उभ्याच मोजले. पाच! कर्कट, तुम्ही म्हणालात तसा छातीच्या बाजूच्या टोकावर काळा डागही आहे. नवे फोटो रात्री टाकते, यावेळी मांजर खोलीत कोंडून.

जुन्या दोघांच्या चिठ्ठ्या पेन्सिलने लिहून आत टाकल्या. डब्यावर आईने बाहेरून स्केचपेनने तिची वेगळी चिठ्ठी लावली आहे : "हे आइस्क्रीम नाही."